राउतावाराच्या पहिल्या सिम्फनीत मूव्हमेंट्स नक्की किती?

मंद्रसप्तक:
लोकहो एक शंका. एइनोयुहानी राउतावारा या फिनिश संगीतकाराचं कांतुस आर्क्टिकुस ऐकून (ते ऑर्केस्ट्रासोबत टेपवर पक्षी ओरडतात ते) पार वेडा झालो, म्हटलं आता याच्या आठही सिम्फन्या (ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचना) ओळीने ऐकू, तर पहिलीलाच अडलो. एका रेकॉर्डिंगमध्ये दोनच मूव्हमेंट्स (म्हणजे सिम्फनीचे वेगवेगळे भाग), त्यातली दुसरी तर सुरू झाली म्हणेपर्यंत संपली, मला वाटलं फाइलच अर्धवट आहे. दुसऱ्यात तीन आहेत. आणि एके ठिकाणी वाचलं की चार!

जुनी तबकडी:
तिन्ही आकडे बरोबर आहेत 😀 1956 ला लिहिली तेव्हा चार होत्या. 1988 ला या बाबाने कात्री लावून दोनच ठेवल्या. मग 2003 ला, म्हणजे पंचाहत्तरीला टेकल्यावर, मध्ये 'पोएतिको' नावाची संथ मूव्हमेंट घातली, झाल्या तीन. त्याची खोडच होती ती, चौथी सिम्फनी तर अख्खी रद्द केली आणि तिच्या जागी 'अराबेस्काता' नावाची आधीचीच रचना बसवली.

काडीबहाद्दर:
माझं मत विचाराल तर दोनवालीच भारी. आधी तंतुवाद्यांची ती रुंद, दुखरी चाल, घाई कसली म्हणून नाही, आणि आपण त्यात पुरते बुडालो की एकदम ती वात्रट, रशियन संगीतकार शोस्ताकोविच छाप धावपळ, जीभ दाखवून पळाल्यासारखी. मध्ये पोएतिको आली की तो धक्काच जातो. शिवाय सत्ताविशीतल्या पोराच्या कामात पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याने हात का घालावा?

जुनी तबकडी:
अरे पण पोरगा आणि म्हातारा एकच ना! आणि पोरगा साधा नव्हता, 1955 मध्ये कूसेवित्स्की फाउंडेशन या संगीतसंस्थेने नव्वदीच्या सिबेलिअसला, म्हणजे फिनलंडच्या सगळ्यात नावाजलेल्या संगीतकाराला, सांगितलं की अमेरिकेत शिकायला एक तरुण फिनिश संगीतकार तुम्ही निवडा, तर त्याने याचं नाव दिलं. न्यूयॉर्कच्या जुलिअर्ड संगीतविद्यालयात पर्सिकेटी या संगीतकाराकडे शिकला. त्याच दिवसांतली ही सिम्फनी.

मंद्रसप्तक:
हे माहीतच नव्हतं, धन्यवाद. काल दोन्ही पाठोपाठ ऐकल्या, धक्क्याचं पटलं, पण पोएतिको काढून टाका म्हणायला जीभ रेटत नाही. आता दुसरी लावू?

काडीबहाद्दर:
थेट तिसरीवर जा. बारा सुरांच्या पद्धतीने (सप्तकातले बाराही सूर एका ठरावीक क्रमात बांधून) लिहिलीय पण ऐकताना ब्रुकनर आठवतो, तो एकोणिसाव्या शतकातला भव्य सिम्फन्यावाला.

मंद्रसप्तक:
बारा सुरांचं मला काही झेपत नाही हो.

काडीबहाद्दर:
सूर मोजतंय कोण? चार वाग्नर ट्यूबा (पितळी फुंकवाद्यं) आहेत त्यात, हेडफोन लावून ऐक.