राधानगरी-फोंडा-करूळ-गगनबावडा, सायकलवरनं : तुमचे अनुभव सांगा

रंकाळाकाठ
दिवाळीची झाडलोट चाललीय. माळ्यावरच्या पोत्यात डायनामो सापडला. टायरला घासून फिरणारा, बाटलीएवढा. भाचा म्हणतो, "मामा, हे पाण्याचं आहे का?" त्याचं वय चोवीस, त्याला काय बोलणार.

भाच्यानं यंदा रोड बाईक घेतलीय आणि डिसेंबरात एका दिवसात हा फेरा मारायचा घाट घातलाय : कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, नांदगाव तिठा, तळेरे, वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा, परत कोल्हापूर. दोनशेच्या थोडं वर. मोबाईलवर चढाचा आलेख काढून मला दाखवतोय, करवतीच्या दातासारखा.

हाच फेरा मी १९९१ ला केलाय. दोन दिवसांत, बिनगिअरच्या काळ्या सायकलवर, पण उलटा. पहिल्या दिवशी गगनबावड्यावरनं करूळ उतरून कणकवलीला मावशीकडं मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं, तर मावशी सुरमई खाल्ल्याशिवाय सोडेना. निघालो साडेअकराला. फोंडा घाट अर्धाअधिक ढकलतच चढलो. दाजीपूरच्या जंगलात शिरलो तेव्हा कातरवेळ झालेली.

डायनामोची गंमत अशी की पेडल मारलं तर उजेड. थांबलं की काळोख. एका वळणावर पुढं "फूंऽऽ" असा आवाज झाला आणि मी थांबलो. उजेड गेला. आता गवा किती लांब आहे ते बघायचं तर पेडल मारायला पाहिजे, आणि पेडल मारलं तर जाणार त्याच्याच अंगावर. तसाच उभा. वास मात्र येत होता, गोठ्यासारखा.

असो. भाच्याला सांगायला तुमचे अनुभव टाका. रस्ता, खाणं, घाट, गवे, काहीही.

घाटवाट
मामा, तुमची चूक सुरमईची नाही, दिशेची. राधानगरीकडनंच जायचं. पहाटे साडेचारला निघालं की नऊ-साडेनऊपर्यंत दाजीपूर पार, उजेडात. गवे पहाटे आणि संध्याकाळीच रस्त्यावर जास्त. उलटं गेलं की दुपारी फोंडा चढायचा आणि जंगल नेमकं तिन्हीसांजेला, तुमच्यासारखं.

तोटा एकच. करूळ घाट येतो सव्वाशे-दीडशे किलोमीटर झाल्यावर, भर दुपारी, कोकणातला घाम अंगावर घेऊन. पण वर आलं की घर ५५ किलोमीटर.

चेनला_तेल
मागचं सर्वात मोठं चाक किती दातांचं आहे विचारा त्याला. २८ असेल तर ३२ ची कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) टाक म्हणावं. पुढं ३४ मागं २८ घेऊन मी करूळला गेलतो, शेवटच्या चार वळणांत दोन्ही पोटऱ्यांत गोळे. रस्त्यात आडवा पडलो तर वडापवाला (शिटा भरणारा जीपवाला) थांबून विचारतोय "दादा, मारलं काय कुणी?"

नाद_एकच
😂😂 मारलं की! गुरुत्वाकर्षणानं

सायकलवाली_वहिनी
आम्ही तिघीजणी दर महिन्याला गगनबावडा करून येतो, जाऊन-येऊन ११०. अख्खा फेरा अजून नाही. कारण घाट नाही, कारण स्वच्छतागृह. कुणी आलेखात दाखवत नाही हे. कळे, साळवणपर्यंत हॉटेलात विचारता येतं, पुढं नुसता ऊस. आता एका घरी ओळख झालीय, त्या आजी आमची वाटच बघत असतात. दरवेळी प्रश्न तोच, "आणि मालक कुठायत?" आम्ही सांगतो, घरी पोळ्या लाटालेत. आजी प्रत्येक वेळी तितकीच हसतात.

उसाचं_कांडं
डिसेंबर म्हणजे ऊस हंगाम. गगनबावडा रोडला अंधारात ट्रॅक्टर, मागं दोन दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही रिफ्लेक्टर नाही, वर स्पीकर. परतताना साळवणच्या अलीकडं अंधार पडला तर ही खरी भीती, गवा राहू दे. मी एकदा ट्रॉलीतनं खाली आलेल्या उसावर चाक घातलं आणि सरळ शेतात. लागलं काही न्हाई, पाचट मऊ.

घाटवाट
@उसाचं_कांडं शंभर टक्के. मागचा लाल दिवा दोन पाहिजेत, एक हेल्मेटला.

मुक्काम_पोस्ट_बालिंगा
पावसाळ्यात कुणी जाऊ नका येवढं लिहितो. गगनबावडा रोडला मांडुकलीला पाणी आलं की रस्ता बंद. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटावर गेलं की आमच्या घरात सगळ्यांचे फोन सुरू. ४३ ला धोका. सायकल तर सोडाच, आमची म्हस पण नेताना

मुक्काम_पोस्ट_बालिंगा
अर्धंच गेलं. दूध काढायला गेलतो.

पेठेतला
चांदोली का नाही करत त्यापेक्षा? ते तर राष्ट्रीय उद्यान आहे, राधानगरी नुसतं अभयारण्य. नाव पण भारी दिसंल फोटोखाली

घाटवाट
चांदोलीच्या गाभ्यातनं आरपार रस्ताच नाही रे. व्याघ्र प्रकल्प आहे तो. सायकलनं वारणावतीला धरणापर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं परत. फेरा होत नाही. राधानगरीत देवगड-निपाणी रस्ताच जंगलातनं जातो म्हणून जमतं. तिथंही मुख्य रस्ता सोडून आतल्या वाटेला जायचं नाही, वनखात्याची परवानगी लागते. आणि "नुसतं" काय? २०१२ ला जागतिक वारसा यादीत चांदोलीबरोबर राधानगरी पण आहे.

फेजिवडेची_माहेरवाशीण
राधानगरीचं नाव निघालं आणि धरणाचं कुणी बोललं नाही? शाहू महाराजांनी काम सुरू केलं. सात स्वयंचलित दरवाजे, पाणी भरलं की आपोआप उघडतात, माणूस लागत नाही. लहानपणी भोंगा वाजला की आजी चुलीपुढनंच सांगायची, "तीन उघडले." कशावरनं कळायचं देव जाणे. बरोबर असायचं बहुतेक. तुमच्या भाच्याला म्हणावं पाच मिनिटं थांब, सगळं चढावर डोळे लावूनच बघायचं नसतं.

नाद_एकच
ताई, आजींना शेअर मार्केटचं विचारायला पाहिजे होतं

ब्रेक_दाबा
फोंडा घाट उतरताना काळजी. माझी रिम ब्रेकवाली. सारखा ब्रेक धरून उतरत होतो, भीतीनं. निम्म्यात फाटकन ट्यूब गेली. रिमला बोट लावलं तर चटका, तव्यासारखी तापलेली. तेव्हापासून वळणाआधी जोरात दाबायचा आणि सोडायचा, पुढचा-मागचा दोन्ही. डिस्क ब्रेक असेल तरी सोडत सोडतच. आणि वळणावर समोरनं एसटी निम्मा रस्ता घेऊन येते हे गृहीतच धरायचं.

भूक_लागली
माझा अनुभव खाण्याचाच. करूळ चढून आलो, गगनबावड्यात चहा घेतला, म्हटलं आता उतारच. असळजच्या पुढं अंगातला जीवच गेला. डोळ्यापुढं काजवे, हॅण्डल हलायला लागलं. पिशवीतली एनर्जी जेलची पाकिटं केव्हाच संपलेली. उजव्या हाताला गुऱ्हाळाचा धूर दिसला. सायकल उसाच्या ढिगाला टेकवली आणि बसलोच. काहिलीजवळच्या मामांनी एकदा बघितलं, काही विचारलं नाही, पितळी वाटीत गरम काकवी ओतून दिली आणि वर शेंगदाण्याची मूठ. जीभ भाजली. दुसरी वाटी. दहा मिनिटांत माणसात आलो. पैसे विचारले तर म्हणाले, "ढवळ जरा." वीस मिनिटं काहिल ढवळून मग निघालो. त्या दिवशीचा तोच सगळ्यात अवघड चढ.

सायकलवाली_वहिनी
@भूक_लागली हे वाचून तोंडाला पाणी सुटलं. कुठलं गुऱ्हाळ ते? म्हणजे अंदाजे

भूक_लागली
नाही सांगणार. गर्दी होईल.

कोकणात_दिलेली
वैभववाडीत दुपारी थांबून कोकम सरबत प्या, मीठ जास्त घालायला सांगा. बाटल्या तिथंच भरून घ्या, घाटात पाण्याच्या भरवशावर राहू नका. २०२४ ला करूळ कामासाठी बंद होता तेव्हा माझा दीर शेजारच्या भुईबावडा घाटानं चढला. म्हणाला रहदारी कमी, बरा वाटला. पण तो कशालाही बरंच म्हणतो.

चेनला_तेल
वेळेचं काय? २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरल्या वेळेत पुरी करायची लांबची सायकलफेरी) साडेतेरा तास असतात. दोन घाट धरून भाचा तेवढ्यात आला तर लई झालं.

पेठेतला
ओ मामा, पण गव्याचं पुढं काय झालं? मधेच सोडलंय

फेजिवडेची_माहेरवाशीण
हो ना! मी पण तेच शोधत परत वर गेले.

रंकाळाकाठ
सांगतो. भाचा हे वाचणार आहे म्हणून टाळत होतो.

किती वेळ उभा होतो माहीत नाही. मागनं घाटातनं एसटी आली. तिच्या उजेडात बघितलं तर एक नव्हे, अकरा. दोन पिल्लं. पांढरे मोजे घातल्यासारखे पाय तेवढे चकाकत होते. ड्रायव्हरनं गाडी बंद केली, दिवे तसेच ठेवले, हॉर्न नाही. ती सगळी रमतगमत रस्ता ओलांडून गेली. शेवटी एक थोराड नर राहिला, तो आमच्याकडं बघून मगच गेला. मग कंडक्टर खाली उतरला आणि म्हणाला, "टपावर टाक सायकल."

टाकली. राधानगरी स्टँडपर्यंत टपावर. म्हणजे फेरा पूर्ण सायकलवर झालेला नाही. घरात आजपर्यंत सगळ्यांना पूर्ण झाला म्हणूनच सांगितलंय, लग्नात बायकोच्या भावांनासुद्धा.

नाद_एकच
🙏🙏🙏 मामा, विषय संपला

घाटवाट
तेवढा टप्पा राहिलाय ना, डिसेंबरात या की भाच्याबरोबर. दाजीपूर ते राधानगरी उतारच जास्त आहे.

रंकाळाकाठ
गुडघ्याला विचारून सांगतो. भाच्यानं आत्ता वाचलं. खोलीतनं नुसता हसण्याचा आवाज येतोय.

मुक्काम_पोस्ट_बालिंगा
डायनामो चालू आहे का तो? विकणार असाल तर सांगा

रंकाळाकाठ
नाही. पण त्या बारीक नळीच्या व्हॉल्व्हला चालणारा पंप कुणाकडं असेल तर दोन दिवस द्या. भाच्याचा पुण्यात राहिलाय.

सायकलवाली_वहिनी
माझ्याकडं आहे. फुलेवाडीत या, सकाळी दहाच्या आत.