मदत हवी आहे: रणगाड्याच्या मेकॅनिकला नागपूरकडे त्याच्या कामाशी जुळणारं काम मिळेल का?

नमस्कार मंडळी. मी ईएमईमधून, म्हणजे आर्मीच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातून, २४ वर्षांची नोकरी करून हवालदार म्हणून मार्चमध्ये घरी आलो. ट्रेड व्हेईकल मेकॅनिक, एएफव्ही, म्हणजे रणगाड्यांसारख्या चिलखती गाड्यांचा मेकॅनिक. राहायला कामठीला.

ट्रेनिंग सिकंदराबादला झालं, पुढची बरीच वर्षं टी-७२ रणगाड्यावर गेली. ४१ टनांची गाडी, मागे आडवं बसवलेलं १२ सिलिंडरचं ७८० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. थंडीत सेल मारायच्या आधी पंपाचं बटण दाबून ऑइल प्रेशर वर आणायचं, काटा सरकलेला डोळ्यांनी पाहायचा, मगच स्टार्टर. बॅटरी बसली असेल तर बाटलीत दाबून भरलेल्या हवेवर चालू करायचं. इंजिन बदलणं हे मात्र खरं काम. ते खाली बसवून गिअरकडच्या बाजूशी एका रेषेत आणताना रात्र सरते. ती रेष जरा चुकली की पुढे सगळं झिजतं. ही रेष मी पोरांना हात धरून शिकवली आहे.

मागच्या महिन्यात एका जड मशिनरीच्या कंपनीत मुलाखत झाली. साहेबांनी माझे कागद चाळले आणि विचारलं, "आयटीआयचं सर्टिफिकेट कुठाय?" कामाबद्दल एकही प्रश्न नाही. फार लागलं मनाला.

कोणाला माहीत असेल तर सांगा, भाऊ. आर्मीच्या ट्रेडला आयटीआयच्या बरोबरीचं मानतात असं ऐकून आहे, तो कागद नेमका कुठून काढायचा? सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलंय. दुसरं, उमरेड, सावनेरकडे कोळसा खाणींच्या डंपर-डोझरवर काम करणारं इथे कोणी आहे का? वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) माजी सैनिकांचा कोटा आहे हे माहीत आहे, पण जाहिरात कधी निघेल त्याचा भरवसा नाही. ठेकेदाराच्या वर्कशॉपमध्ये आधी शिरलो तर चालेल का? डोझरलाही रणगाड्यासारखा ट्रॅकच असतो, म्हणजे चाकांवरचा लोखंडी पट्टा; ट्रॅकचा ताण, पिना, रोलर हे हाताखालचं आहे. हायड्रॉलिक्स थोडं शिकावं लागेल, तयारी आहे. पगार सुरुवातीला कमी असला तरी चालेल.

आणि बायोडाटात हे सगळं कसं लिहायचं, कोणी आपला नमुना दाखवाल का?

घरचे म्हणतात, मॉलच्या सिक्युरिटीची नोकरी आली आहे ती घे. मॉलवाल्यांना सोमवारपर्यंत कळवायचं आहे.