पॅनिक अटॅकला मराठीत काय म्हणायचं? 'झटका' नकोय

नदीपलीकडची
डिचोलीकडच्या एका वाचनालयात ठेवायला दोन पानी माहितीपत्रक मराठीत करतेय. विषय पॅनिक डिसॉर्डर, म्हणजे हा त्रास काय असतो आणि तो असताना रोजचं जगणं कसं निभवायचं. मजकूर झालाय, पण जो शब्द अडलाय तो नेमका मथळ्यातलाच. आधीच्या कुणाच्या तरी भाषांतरात 'घबराटीचा झटका' होतं. शेजारच्या काकींना वाचून दाखवलं तर त्या लगेच म्हणाल्या, "झटका म्हणजे हार्टचो मगो?" आपल्याकडे झटका आला, अटॅक आला म्हटलं की सगळे तोच एक अर्थ घेतात. आणि या दुखण्याची गोमही तीच आहे ना, छाती धडधडते, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात, घामाने अंग भिजतं आणि माणसाची खात्रीच पटते की हार्ट गेलं, आता मी मरतो. अशा माणसाच्या हातात 'झटका' लिहिलेला कागद द्यायचा हे मला पटत नाही. बोलीतला शब्द सुचवा, कोकणीतला असेल तर फारच उत्तम.

शब्दपारखी
'भयावेग' घ्या. अचानक उसळणं आणि ओसरणं दोन्ही 'आवेग'मध्ये येतं. नवा वाटेल, पण 'महापौर'ही सावरकरांनी दिला तेव्हा नवाच होता, आज कुणाला अडतो?

सत्तरीकर
वाळपयच्या बसस्टँडवर जाऊन कुणाला 'मला भयावेग आलाय' सांगून बघा बाब. आमची आई म्हणायची जीव घाबरा झाला. घरातल्या सगळ्यांना कळायचं, कोणी पाणी आणायचं, कोणी खिडकी उघडायचं. शब्द ऐकून समोरच्याचे हातपाय हलले पाहिजेत.

कुळागर
पण जीव घाबरा उकाड्यानेही होतो, उपासानेही होतो, साखर उतरली तरी होतो. पत्रकात नुसतं तेवढंच लिहिलं तर लोक लिंबूपाणी देतील आणि विषय तिथंच संपेल.

सत्तरीकर
संपू दे की. निदान माणूस तोंड उघडून सांगतो तरी. 'मानसिक' शब्द काढला की आमच्या वाड्यावर आधी दिश्ट काढतात, मग देवाकडे प्रसाद म्हणजे कौल घ्यायला जातात, मग घाडी म्हणजे मांत्रिक, आणि डॉक्टरचा नंबर सगळ्यांच्या शेवटी. 'घाबरगुंडी' मात्र कुणी सुचवू नका, तो शब्द भित्र्याला हसायला वापरतात.

फेरीबोट
मी इथे फक्त वाचत असतो, आज लिहितो कारण हे सगळं माझ्या अंगावरून गेलंय. मी चोडणचा, कामाला पणजीत. रायबंदरची फेरी लहानपणापासूनची, त्यात घाबरण्यासारखं काय आहे? पण एकदा संध्याकाळी बोटीचा पुढचा फाळका वर उचलला, साखळ्या खडखडल्या आणि मला एकदम वाटलं आता उतरता येणार नाही. झालं. छातीत असं धडधडायला लागलं की शर्ट हलताना दिसत होता, ओठ बधिर, समोरची स्कूटर लांब लांब जातेय असं वाटायला लागलं. बाजूच्याने विचारलं तर मी 'चक्कर येते' म्हटलं, कारण दुसरा शब्दच नव्हता. ईसीजी काढला, नॉर्मल आला. तिथल्या डॉक्टरने सांगितलं काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका. या 'काही झालेलं नाही'ने मला जास्त त्रास झाला, कारण झालं तर होतंच. मग मी फेरी सोडली, लांबच्या रस्त्याने जायला लागलो, मग बसमध्ये दाराजवळच बसायचं, मग लग्नाला गेलो तरी मागच्या खुर्चीवर. भीती एकेक जागा खात गेली. पुढे एका मानसोपचारतज्ज्ञाने नीट समजावलं की ही लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि मग उतरतेच, शरीर तेवढा वेळच ते ताणू शकतं, आणि पळालो की मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. आता फेरीतूनच जातो. कधी येतं. मग कठड्याचं गार लोखंड धरून उभा राहतो, श्वास घेतो त्यापेक्षा सोडतो जास्त सावकाश, आणि ते जाईपर्यंत जागा सोडत नाही. गोळी चालू आहे, ती मनाने बंद करायची नाही हे पत्रकात मोठ्या अक्षरात घाला. कडक कॉफीही कमी करायला सांगा. शब्द म्हणाल तर मी घरी 'लाट आली' म्हणतो, बायकोला कळतं.

नदीपलीकडची
हे लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. 'भीती एकेक जागा खात गेली' हे वाक्य तुमच्या परवानगीने पत्रकात घेऊ का? ॲगोराफोबियाबद्दल तिथे एक परिच्छेद आहे आणि तो फार कोरडा झालाय. ग्रीकमध्ये ॲगोरा म्हणजे बाजाराचा चौक, त्यामुळे मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचं उदाहरण घेतलंय, गर्दीत अडकू आणि बाहेर पडता येणार नाही या भीतीने एक बाई बाजारच सोडते.

फेरीबोट
घ्या, नाव नको.

कुळागर
कोकणीत बघा किती सोपं आहे. 'म्हाका भंय दिसता.' मराठीत भीती वाटते, आमच्याकडे दिसते. आणि हड्ड्यांत धडधडटा म्हटलं की छाती आलीच. अजून एक, मराठीत 'काळजी घे' आणि 'काळजी करू नको' दोन्हीकडे एकच शब्द. कोकणीत जतनाय वेगळी आणि हुसको वेगळा. जतनाय घे, हुसको करूं नाका. अँग्झायटीला 'हुसको' जसाच्या तसा मराठीत घ्यायला काय हरकत आहे?

शब्दपारखी
हुसको घाटापलीकडच्या वाचकाला कळणार नाही. आणि संस्कृतकडे एवढी पाठ फिरवू नका. अँग्झायटी हा शब्द लॅटिनमधला, गळा आवळणं या अर्थाच्या धातूपासून आलेला. अँजायना त्याच्याच गोतातला. आणि ऋग्वेदातला 'अंहस्', संकट या अर्थाचा, तोही त्याच मुळाचा, 'अंहु' म्हणजे अरुंद. हजारो वर्षांपूर्वी माणसाला चिंता म्हणजे कोंडी असंच जाणवलं होतं. मराठीत आज त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा शब्द 'घुसमट' आहे.

सत्तरीकर
हे आवडलं. घुसमट चालेल, वाळपयलाही चालेल.

कुळागर
घुसमट सासरीही होते आणि नोकरीतही होते, वर्षानुवर्षं होते. पॅनिक दहा मिनिटांचं. नाही जमत.

मांडवीकाठ
गोव्यात बसून भीतीवर बोलताय आणि आबे फारियाचं नाव नाही? १७५६ सालचा कांदोळीचा जन्म, संमोहनावर काम केलेला माणूस, पणजीत पुतळा आहे. लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि वाचाच बसली. तेव्हा बापाने खालून हळूच कोकणीत म्हटलं, ही सगळी भाजी, कातर रे भाजी. म्हणजे समोरची माणसं भाजीच समज आणि चिरत सूट. आणि पोराला कंठ फुटला, असं सांगतात. ही आपल्याकडची पहिली काउन्सेलिंग.

नदीपलीकडची
गोष्ट मलाही प्रिय आहे, पण पत्रकात नको. ती सभेची भीती झाली. तिला कारण समोर बसलेलं असतं. पॅनिक बिनकारणाचं येतं, गाढ झोपेतूनही उठवतं, तिथं 'भाजी' कुणाला म्हणायचं? 'घाबरू नकोस, कातर' असं सांगणारे घरोघरी आहेत आणि त्यानेच माणूस एकटा पडतो.

मांडवीकाठ
पण बाय, बापाने घाबरू नको म्हटलेलंच नाही, हे लक्षात घ्या. त्याने पोराला हातात काम दिलं.

वॉर्डातली
मी याच क्षेत्रात काम करते म्हणून दोन गोष्टी. 'पॅनिक अटॅक' हा शब्द काढून टाकू नका, कंसात का होईना ठेवा. पेशंटला बांबोळीला जीएमसीत, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, किंवा मनोविकारांच्या आयपीएचबी इस्पितळात गेल्यावर तोच कानावर पडणार, केसपेपरवर तोच असणार. हे निदानही फार जुनं नाही, मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात पॅनिक डिसॉर्डरला स्वतंत्र जागा १९८० साली मिळाली, मग मराठीला शब्द सापडायला वेळ लागला तर नवल नाही. दुसरं, 'हे हार्टचं नसतं' असं सरसकट छापू नका. पहिल्यांदा छातीत दुखलं की तपासून घ्यायचंच, घरच्या घरी ठरवायचं नाही. हृदय, थायरॉइड बघून झालं की मग पुढचं. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर पहिल्याच पानावर टाका, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत.

नदीपलीकडची
नंबर आहे, वर घेते. सध्या मथळा असा लिहिलाय: 'अचानक जीव घाबरा होतो? भीतीची लाट (पॅनिक अटॅक) ओळखूया.' कसा वाटतो?

शब्दपारखी
'लाट' आता साथीची झालीय. पहिली लाट, दुसरी लाट. 'भयावेग'च राहू दे.

फेरीबोट
साथीची असली तरी ती ओसरली हेही लोकांना आठवतं.

कुळागर
मथळ्यात 'भंय दिसता' का नाही? वाचनालय डिचोलीत आहे, पुण्यात नाही.

शब्दपारखी
कारण पत्रक मराठीत आहे. आणि मांडवीकाठ, फारियाच्या त्या वाक्याला कोकणी म्हणता तेवढं सोपं नाही, 'कातर' मराठीतही आहे, कातरणे, कात्री.

सत्तरीकर
मराठीत कापड कातरतात. भाजी चिरतात. भाजी कातरणारा माणूस कोकणीच बोलत होता.

शब्दपारखी
सुपारीही कातरतात. अडकित्त्याने. जुन्या मराठीत 'कातर'चा वापर किती पसरट होता ते मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडून बघा, मग बोलू.