भोपळ्याच्या वेलाला फळ धरते तेव्हा : आपले अनुभव लिहावेत

शेवंती
आज सकाळी वेलावरचे बोराएवढे कोवळे फळ पिवळे पडून गळालेले दिसले आणि आईची आठवण झाली. फुलांच्या दिवसांत ती उजाडता उजाडता परसात जाई, एक नर फूल देठासकट खुडून त्याच्या पाकळ्या हलकेच सोलून काढी आणि मधला परागांनी माखलेला दांडा मादी फुलाच्या कुक्षीवर सगळीकडून फिरवी. मादी फूल ओळखायला तिने मला एकच खूण सांगितली होती : पाकळ्यांच्या खाली इवलासा भोपळा आधीपासूनच असतो. ते फूल एकच सकाळ उमलते आणि ऊन चढू लागले की मिटते. तेवढ्या वेळात पराग पोहोचले नाहीत, तर ते इवले फळ काही दिवसांतच सुकून गळते. जून होऊ देऊन काढायचा आणि महिनोन्महिने ठेवायचा जो लाल भोपळा, तो आपल्या परसात ज्यांनी पिकवला आहे, त्यांनी कृपया आपले अनुभव सविस्तर लिहावेत.

पाणंद
पहिली सगळी फुले नरच येतात, हे नव्याने वेल लावणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी आधीच सांगायला हवे. एक-दोन आठवडे नुसती नर फुले येऊन गळत राहतात, आणि वेल वांझ आहे असे समजून लोक तो उपटून टाकतात. माझ्या शेजारच्या काकूंनी असाच भरात आलेला वेल काढून टाकला, त्याची मला आजही हळहळ वाटते. दिवस मोठा आणि उष्णता जास्त असेल, तर नर फुलांचे प्रमाण आणखी वाढते; हवा थोडी निवली की मादी फुले दिसू लागतात.

मधुमालती
शेवंतीताई, आपल्या आई किती जाणत्या होत्या! भोपळ्याचे पराग जड आणि चिकट असतात, ते वाऱ्याने उडत नाहीत, त्यामुळे मधमाशी किंवा माणसाचा हात, याखेरीज त्यांना वाट नाही. मधमाशीचीही एक फेरी पुरत नाही. कुक्षीवर पुरेसे पराग पडले नाहीत, तर बिया कमी धरतात आणि फळ एका अंगाने फुगून दुसऱ्या अंगाने आखडलेले राहते. म्हणून वेल फुलावर असताना कीटकनाशक फवारू नये अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे, आणि अगदीच निरुपाय झाला, तर फुले मिटल्यावर संध्याकाळी फवारावे.

दोन_पाने
आमच्याकडे प्रश्न फुलांपर्यंत पोहोचतच नाही. बी रुजून पहिली दोन जाड पाने उघडली की लाल भुंगेरे त्यांची चाळण करतात. कोणी काही उपाय केला आहे का?

पाणंद
दोन_पाने, रोप वर येताच त्यावर बारीक जाळी पसरावी आणि तिच्या कडा मातीत दाबाव्यात. भुंगेरे पाने खातात, पण त्यांच्या अळ्या जमिनीत राहून मुळे कुरतडतात, म्हणून आधी वेल असलेल्या जागी पुन्हा वेल लावला तर जाळीच्या आतूनच भुंगेरे निघतात. आळे दुसरीकडे करावे. फुले येऊ लागली की जाळी न विसरता काढावी, कारण ती मधमाश्यांनाही अडवते.

हिरवा_मांडव
माझ्या भावाच्या बागेतला वेल पाहुण्यांना मुद्दाम दाखवावा असा माजला होता, परंतु फळ मात्र नावालाही नव्हते. त्याने आळ्यात शेणखत भरपूर घातले होते आणि वर नत्राचे खतही चालूच ठेवले होते. नत्र फार झाले की वेल पानांतच रमतो. फुलकळी दिसू लागल्यावर नत्र थांबवावे, पाणी मात्र नियमित आणि मुळाशी द्यावे. वेल जिथे जमिनीला टेकतो, तिथे पेरापेराला मुळे फुटू शकतात, त्या पेरांवर मूठभर माती ओढली तर फळ पोसायला मोठी मदत होते.

जुने_कोठार
फळ धरले म्हणजे काम संपले असे नव्हे. खरी परीक्षा ते उतरवण्याच्या वेळी असते. आकार पूर्ण झाला, रंगही आला, तरी फळ आतून कोवळे असू शकते, कारण आकार आधी पुरा होतो आणि गर त्यानंतर भरत जातो. आमचे आजोबा सालीवर नख दाबून पाहत. नखाची खूण उमटली की ते कोणालाही कोयता लावू देत नसत. साल निबर झालेली, तिच्यावरची कोवळी चकाकी गेलेली आणि देठ सुकून बुचासारखा झालेला, असे सगळे जुळून आले की ते देठाचा चांगला बोटभर तुकडा ठेवून फळ कापत आणि त्या देठाला धरून ते कधीही उचलत नसत. देठ निखळला की तिथूनच कूज शिरते. उतरवलेले फळ २७ ते २९ अंश सेल्सिअस उष्णतेत, वारा खेळता ठेवून, सुमारे १० दिवस ठेवले की सालीवरच्या बारीक जखमा भरून येतात. त्यानंतर कोरड्या, १० ते १३ अंशांच्या जागी, एकमेकांना न चिकटता ठेवावे. या काळात गरातल्या पिष्टाची साखर होत जाते, म्हणून ताज्या उतरवलेल्या फळापेक्षा काही आठवडे ठेवलेले फळ बहुधा अधिक गोड लागते.

मधुमालती
आजोबांचे वर्णन वाचून फार बरे वाटले. माझ्याकडे या वर्षी पानांवर भुरी आली आहे. पाने अकाली सुकली की फळाला साखर कुठून मिळणार, ही काळजी मनात आहे.

बीजपेटी
घरचे बी धरणाऱ्यांसाठी लिहिते. शेजारी दुसऱ्या जातीचा भोपळा असेल, तर या वर्षीच्या फळाच्या गरात काहीही फरक पडत नाही. संकर उतरतो तो बियांत, आणि दिसतो पुढच्या पिकात. आपण नेहमी लावतो त्या भोपळ्यांत मोस्चाटा, मॅक्सिमा आणि पेपो अशा तीन प्रजाती प्रमुख आहेत व संकर बहुतेक एकाच प्रजातीच्या आत होतो. देठावरून त्या ओळखता येतात : मोस्चाटाचा देठ फळाशी पसरट आणि पंचकोनी, मॅक्सिमाचा गोल आणि बुचासारखा, पेपोचा कठीण आणि धारदार कंगोऱ्यांचा. शोभेच्या पेपोशी संकर झालेल्या बियांतून कडू फळे येऊ शकतात. हा कडवटपणा शिजवून जात नाही आणि तो विषारी असतो, म्हणून कडू लागलेला घास थुंकून सबंध फळ टाकून द्यावे.

शेवंती
बीजपेटीताई, मग शुद्ध बी हवे असेल, तर हाताने परागीभवन करताना मधमाशीला कसे रोखावे?

बीजपेटी
आदल्या संध्याकाळी कळीच्या टोकाला पिवळी झाक आलेली दिसते. अशी एक मादी आणि दोन-तीन नर कळ्या दोऱ्याने टोकाशी बांधाव्यात. सकाळी दोरा सोडून आपल्या आईंप्रमाणेच पराग लावावेत आणि मादी फुलाच्या पाकळ्या पुन्हा बांधून टाकाव्यात. फळ धरले की त्याच्या देठाला सैलसर रंगीत धागा बांधावा, म्हणजे बियांसाठीचे फळ कोणते हे उतरवताना कळते.