थ्रेड बदलायचा खर्च

"लिनक्स कर्नलला थ्रेड काय नि प्रोसेस काय, सारखेच, म्हणून एकावरून दुसऱ्यावर जायचा खर्चही सारखाच" असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. पूर्वार्ध बरोबर, प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) असो की थ्रेड (त्यातला कामाचा एक धागा), कर्नलकडून (लिनक्सच्या गाभ्याकडून) दोघांनाही टास्क_स्ट्रक्टच, म्हणजे एकाच प्रकारची नोंद, मिळते. खर्चाचं मात्र पटलं नाही. एकाच प्रोसेसमधल्या दोन थ्रेडचं पेज टेबल (प्रोग्राममधले पत्ते खऱ्या मेमरीत कुठे आहेत, याचा तक्ता) एकच असतं, ते बदलावंच लागत नाही. रजिस्टर (सीपीयूतल्या छोट्या साठवणीच्या जागा) आणि कर्नल स्टॅक (त्या थ्रेडसाठी कर्नल वापरतो ती कामचलाऊ मेमरी) बदलला की काम झालं.

शिवाय केस्वॅपडी, केवर्कर असले कर्नल थ्रेड, म्हणजे कर्नलचीच कामं करणारे थ्रेड (पीएस या प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये चौकोनी कंसात दिसतात ते) चर्चेत आलेच नाहीत. त्यांना स्वतःची यूजर मेमरी नसते. आधी चालू असलेल्या प्रोसेसचंच पेज टेबल ते उसनं घेतात, कारण कर्नलचा भाग सगळ्या पेज टेबलांत सारखाच असतो. मग तीच प्रोसेस परत आली तर टीएलबी (पेज टेबलातल्या नुकत्याच लागलेल्या नोंदी सीपीयू हाताशी ठेवतो तो साठा) बहुधा शाबूत सापडतो.