दापोली भागात सुरक्षा एजन्सी काढायची आहे : परवाना, प्रशिक्षण आणि चौकशीच्या कामाबद्दल मार्गदर्शन हवे

निवृत्त सुभेदार, दापोली

नमस्कार. लष्करातून सुभेदार पदावरून निवृत्त होऊन मी दापोली तालुक्यातील माझ्या गावी स्थायिक झालो आहे. आमच्याकडे हापूसच्या हंगामात बागांना राखण लागते आणि मुरुड, कर्दे, आंजर्ले, केळशी या किनाऱ्यावर मुंबई-पुण्याकडच्या मंडळींचे जे बंगले वर्षातील बहुतेक महिने कुलूपबंद असतात, त्यांना विश्वासू पहारेकरी मिळत नाही. इतर माजी सैनिकांना आणि गावातल्या होतकरू मुलांना बरोबर घेऊन हे काम रीतसर एजन्सी काढून करावे, असा माझा विचार आहे. लोटे परशुराम येथील एका कारखान्याकडूनही विचारणा झाली, पण त्यांचा पहिलाच प्रश्न ‘पसारा लायसन आहे का’ असा होता. माजी सैनिकांनाही हा परवाना घ्यावा लागतो काय, आणि बागांमध्ये वर्षानुवर्षे राहणारे नेपाळी राखणदार आम्हाला एजन्सीत घेता येतील काय, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय लग्न ठरवण्यापूर्वी मुलाची मुंबईत चौकशी करून द्याल का, असे ओळखीचे लोक विचारू लागले आहेत. हे काम त्याच परवान्यात बसते की त्यासाठी वेगळा परवाना असतो?

सुरक्षा एजन्सीचालक, चिपळूण

सुभेदारसाहेब, परवाना लागतोच आणि त्यातून माजी सैनिकांनाही सूट नाही. ‘पसारा’ म्हणजे २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सींच्या विनियमनाचा केंद्रीय कायदा. तो १५ मार्च २००६ पासून लागू आहे आणि त्याखालचा परवाना राज्याच्या गृह विभागाने नेमलेला नियंत्रक अधिकारी देतो. परवान्याशिवाय रक्षक पुरवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायद्यात एका जिल्ह्यासाठी ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,००० आणि संपूर्ण राज्यासाठी २५,००० रुपये असे शुल्क आहे. आपण रत्नागिरीबरोबर रायगड आणि सिंधुदुर्ग आताच घालून घ्यावे, असे मी सुचवीन, कारण बंगल्यांचे काम हळूहळू श्रीवर्धनकडे सरकतेच. परवाना पाच वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा लागतो.

शुल्क हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. खरी कसोटी प्रशिक्षणाची आणि देखरेखीची असते, आणि आपल्या भागातल्या बऱ्याच एजन्सी तिथेच कमी पडतात. केंद्राच्या २००६ च्या आदर्श नियमांप्रमाणे नव्या रक्षकाला शंभर तास वर्गातले आणि साठ तास प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण किमान वीस कामाच्या दिवसांत द्यावे लागते. माजी सैनिक आणि माजी पोलीस यांच्यासाठी ते चाळीस आणि सोळा तासांचे, किमान सात दिवसांचे आहे. आपल्याला सवलत मिळते ती इतकीच, परंतु ती मोलाची आहे.

देखरेखीचा नियम तर आपल्या डोंगराळ, विखुरलेल्या मुलखाला फार महत्त्वाचा आहे. एकाच ठिकाणी पहारा असेल तर पंधरा रक्षकांमागे एक पर्यवेक्षक चालतो, पण रक्षक वेगवेगळ्या जागी असतील आणि एकाला सर्वांकडे लक्ष देणे शक्य नसेल, तर दर सहा रक्षकांमागे एक पर्यवेक्षक हवा. बारा बागांत बारा माणसे ठेवायची झाली, तर दोन पर्यवेक्षकांचा पगार आणि त्यांच्या दुचाकींचे पेट्रोल दर ठरवतानाच धरावे लागते. हे न धरता स्वस्त दर देणारा शेवटी रक्षकाच्याच पगारातून तो खर्च काढतो, आणि मला या धंद्यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट हीच वाटते.

रक्षकाचे वय १८ पूर्ण आणि ६५ च्या आत हवे, त्याची चारित्र्य पडताळणी झालेली हवी, आणि उंची पुरुषांसाठी १६० व महिलांसाठी १५० सेंटीमीटर हवी. नागरिकत्वाची अट अशी आहे की रक्षक भारताचा किंवा केंद्र सरकारने अधिसूचनेने ठरवलेल्या देशाचा नागरिक असावा. म्हणून नेपाळी राखणदारांबाबत कोणाच्या तोंडी आश्वासनावर न विसंबता नियंत्रक अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा घ्यावा आणि तो आल्यावरच नेमणूक करावी.

गणवेशाबद्दल एक कळकळीची विनंती आहे. आपल्या माणसांना जुनी लष्करी टोपी किंवा सैन्याच्या गणवेशासारखा दिसणारा पोशाख घालू देऊ नका, कारण तसा पोशाख घालणे गुन्हा आहे आणि त्या शिक्षेत रक्षकाबरोबर एजन्सीचा मालकही सापडतो. एजन्सीची दंडावरची खूण, छातीवर किंवा खांद्यावर हुद्द्याचा बिल्ला, दर्शनी भागी फोटोचे ओळखपत्र, डाव्या खिशात दोरीला बांधलेली शिट्टी, आणि जवळ वही व पेन, एवढे नियमांत सांगितलेले आहे. रात्री किती वाजता कोणती गाडी फाटकापाशी आली हे त्या वहीत लिहिलेले असले, तर चोरी झाल्यावर पोलीस सर्वांत आधी तीच मागतात.

आंबा बागायतदार, देवगड

वरील माहितीत बागायतदारांच्या दृष्टीने एक भर घालतो. माझ्या कलमांना मी स्वतः पगारावर ठेवलेले राखणदार आहेत आणि त्यासाठी मला हा परवाना लागत नाही, कारण कायदा इतरांना रक्षक पुरवण्याच्या व्यवसायाला लागू आहे. त्यामुळे ज्यांना एकाच बागेपुरती राखण हवी आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. मात्र एखादा मुकादम दहा बागांना माणसे पुरवून पैसे घेत असेल, तर तो एजन्सीच चालवतो आहे, मग त्याने कार्यालय थाटलेले असो वा नसो.

मला वकीलमंडळींना एक विचारायचे आहे. पाडाला आलेले आंबे रात्री उतरवताना कोणी सापडला, तर राखणदार त्याला मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, बांधून ठेवतात आणि सकाळपर्यंत चोपही देतात. हे मला मनापासून पटत नाही, पण कायद्याने नेमके किती चालते?

वकील, रत्नागिरी

बांधून ठेवणे आणि मारहाण करणे मुळीच चालत नाही. परवानाधारक एजन्सीच्या रक्षकालाही पोलिसांचा कोणताही अधिकार मिळत नाही. कोणत्याही सामान्य नागरिकाला जेवढा अधिकार आहे तेवढाच त्याला आहे, आणि तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. आपल्या समक्ष दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला अथवा फरार घोषित गुन्हेगाराला पकडता येते, पण विनाकारण विलंब न लावता आणि जास्तीत जास्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. सकाळपर्यंत मांगरात ठेवलेला माणूस या मुदतीत सहसा बसत नाही, आणि मग चोराच्या ऐवजी राखणदारावरच बेकायदा अटकावाचा गुन्हा दाखल होतो. किरकोळ किमतीच्या चोरीला भारतीय न्याय संहितेत सौम्य वागणूक आहे, हेही ध्यानात ठेवावे. शिट्टी, बॅटरीचा झोत, मोबाइलवर फोटो आणि ११२ ला फोन, एवढ्यावरच राखणदाराला थांबायला शिकवावे.

आता सुभेदारसाहेबांच्या चौकशीच्या प्रश्नाकडे वळतो. सुरक्षा एजन्सीचा परवाना व्यक्ती किंवा मालमत्तेच्या संरक्षणापुरता आहे, त्यात गुप्त चौकशी येत नाही. खासगी गुप्तहेर संस्थांसाठी २००७ मध्ये राज्यसभेत स्वतंत्र विधेयक मांडले गेले होते, परंतु त्याचा कायदा झाला नाही आणि पुढे ते मागे घेण्यात आले. त्यामुळे आज आपल्याकडे गुप्तहेराचा असा परवानाच अस्तित्वात नाही. ‘सरकारमान्य डिटेक्टिव्ह’ अशी पाटी दिसली, तर तिच्यामागे फार तर दुकानाची किंवा उद्योगाची नोंदणी असते.

परवाना नाही म्हणून मोकळीक आहे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. मुलगा जिथे काम करतो असे सांगतो तिथे जाऊन खात्री करणे, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे विचारपूस करणे, न्यायालयाच्या संकेतस्थळावर खटले पाहणे, हे सर्व योग्य आहे. कोणाच्या फोनच्या कॉलची यादी पैसे देऊन मिळवणे, गाडीला लपवून ट्रॅकर लावणे, बँकेचे विवरण काढणे, मुलीचा तिच्या इच्छेविरुद्ध पाठलाग करणे, हे गुन्ह्यांच्या वाटेवरचे आहे. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले आहे, आणि मुलीच्या वडिलांची काळजी कितीही रास्त असली तरी समोरच्या कुटुंबाचा तो हक्क शिल्लक राहतोच.

माझे स्पष्ट मत असे की ही दोन्ही कामे एका छताखाली आणू नयेत. पसारा कायद्याने रक्षकाला नोकरीत कळलेली माहिती मालकाबाहेर फोडण्यास मनाई केलेली आहे. बंगल्यावर कोण केव्हा आले हे ज्या संस्थेच्या वहीत लिहिलेले असते, तीच संस्था उद्या लग्नाच्या चौकशा विकू लागली, तर बंगल्याचा मालक फाटकाची किल्ली कोणत्या विश्वासाने तिच्या हाती देईल?

कारखान्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट राहिली. महाराष्ट्रात १९८१ चा खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांचा वेगळा कायदा आहे आणि त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे आहेत. कारखान्यात किंवा आस्थापनेत एजन्सीमार्फत रक्षक ठेवताना पसारा परवान्याबरोबर या कायद्याखालची नोंदणी किंवा कलम २३ खालची सूट पाहावी लागते. सूट मिळण्यासाठी रक्षकांना मंडळाच्या योजनेपेक्षा कमी लाभ देऊन चालत नाही. लोट्याच्या कंपनीशी करार करण्याआधी हे तपासून घ्या.

निवृत्त सुभेदार, दापोली

सर्वांचे मनापासून आभार. चौकशीचे काम मी घेणार नाही, असे विचारणाऱ्यांना कळवतो. बागा आणि बंगल्यांचे काम आधी उभे करीन आणि कारखान्याचे मंडळाचे पाहून मग बोलेन. एकच शंका उरली आहे. सावंतवाडीचे एक स्नेही म्हणतात की महाराष्ट्राचा परवाना असला की बांद्याच्या पलीकडे पेडण्यातही माणसे देता येतात. ते बरोबर आहे काय?

सुरक्षा एजन्सीचालक, चिपळूण

नाही. परवाना राज्यापुरता असतो, म्हणून पेडण्यात एकही रक्षक उभा करायचा असेल तरी गोव्याच्या नियंत्रक अधिकाऱ्याचा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. आपण रत्नागिरीचा अर्ज भरताना पोलीस पडताळणीची कागदपत्रे आधी जमवा, कारण संपूर्ण अर्ज मिळाल्यापासून साठ दिवसांत निर्णय देण्याची तरतूद आहे आणि त्रुटी निघाल्या की सगळे लांबते. परवाना हातात आल्यावर साठ दिवसांत पर्यवेक्षक नेमायचे असतात आणि सहा महिन्यांत काम सुरू करायचे असते, तेव्हा आंब्याचा हंगाम डोळ्यांसमोर ठेवून अर्ज पावसाळ्यातच टाकलेला बरा.