अनुभव धागा: गावात काम केलंत, तुम्ही निघून आल्यावर मागे काय टिकलं?

नमस्कार मंडळी. नोकरी असो, फेलोशिप असो की एनएसएसचं शिबिर, दुष्काळ-पूर-भूकंपात गाव तगून राहावं म्हणून तुम्ही काही केलं असेल तर इथे लिहा. नुसतं काम नको, तुम्ही गेल्यावर काय टिकलं ते सांगा. सुरुवात मी करते.

मी पोकरात, म्हणजे बदलत्या हवामानात शेती टिकवण्याच्या सरकारी प्रकल्पात, समूह सहायक होते, वय 23, हिंगोली जिल्हा. सोयाबीन बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा सरीवर पेरा, हे सांगत फिरायचं. लोक म्हणायचे, मॅडम, सरीत जागा वाया जाते, तुमचा पगार चालू राहील, आमचं काय? शेवटी एका आजींनी अर्धा एकर दिला. आणि 2023 चा ऑगस्ट अख्खा कोरडा गेला, आठवत असेल सगळ्यांना. आजींनी मला रानात बोलावलं, वरंब्यातली माती मुठीत दाबली, लाडू झाला. शेजारच्या सपाट पेऱ्यातली घेतली तर बोटांतून भुरभुर खाली. बोलल्या काही नाहीत, पण संध्याकाळी स्वतःच चार घरी जाऊन सांगून आल्या. माझ्या वर्षभराच्या मीटिंगांनी जे झालं नव्हतं ते त्या एका संध्याकाळी झालं.

कोरेगाव, सातारा
2016, वॉटर कपचं, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेचं पहिलं वर्ष, तेव्हा तीनच तालुके होते, वरूड, अंबाजोगाई आणि आमचा. परीक्षा संपली की ए-फ्रेम शिकवायला जायचो. दोन काठ्या, एक आडवी, वरून दोरीला दगड; दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत, तिथे फक्की टाकायची, तीच चराची रेघ. पहिल्या दिवशी श्रमदानाला सहा जण, त्यातले तीन आम्हीच. आठवड्याने बाया यायला लागल्या, आणि बाया आल्या की गाव येतंच. विहिरींना पाणी आलं. पण खरं सांगतो, पुढे त्याच पाण्यावर ऊस वाढला, बोअर वाढले आणि एका एप्रिलला पुन्हा टँकर. आम्ही चर खणायला शिकवलं, पाण्याचा ताळेबंद मांडायला कुणाला बसवलं नाही, ही खंत अजून जात नाही. हिवरे बाजारला पडलेला पाऊस मोजून मग पीक ठरतं, बोअरवर शेती करायला बंदी आहे, ते आधी जाऊन बघायला हवं होतं.

लातूर
मी तुमच्यापेक्षा बरीच मोठी. 1993 च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात संवाद सहायक होते, तेव्हा विशीत. किल्लारी सगळ्यांना माहीत, पण आमच्याकडच्या गावांत घरं उभी होती, नुसते तडे. माळवदावर, म्हणजे सपाट धाब्याच्या छतावर, दोन-दोन फूट माती, गळतं म्हणून दरवर्षी आणखी थर. ती उतरवा म्हटलं की सासवा भांडायच्या, उन्हाळ्यात घर तापेल म्हणून, आणि त्यांचं चूक नव्हतं. मग एका घराची भिंत उकलून दाखवली. आतली दगडं बाहेरच्यांना धरतच नव्हती, मधे नुसता चिखल. दोन्हीकडून दिसेल असा आरपार दगड हवा, हे बायांनी तिथेच हेरलं. त्यानंतर गवंड्याच्या डोक्यावर उभ्या राहून विचारायच्या, "आरपार घातला का रे?" मी काम सोडलं तरी विचारत होत्या.

महाड
थोडक्यात लिहितो. जुलै 2021 च्या पुरात मोबाइल बंद पडले, नंबर असून उपयोग शून्य. नंतर आम्ही पोरांनी शाळेच्या भिंतीवर ऑइल पेंटने पाण्याची रेघ मारली आणि होडी कुणाकडे, पोहणारा कोण, त्यांची घरं कुठे ते लिहिलं. नंबर नाही, घरं. अजून आहे.

वर्धा
हिंगोलीच्या ताई, त्या आजींनी पुढच्या वर्षी काय केलं?

हिंगोली
पुढच्या पेरणीला मी तिथे नव्हते. बीबीएफचं पेरणी यंत्र वेळेवर मिळालं नाही म्हणे, तर आजींनी नेहमीच्या तिफणीने पेरलं आणि दर चार ओळींनंतर बैलाने सरी पाडून घेतली. नातवाने फोटो पाठवला. या वेळी अर्धा नाही, तीनही एकर.